दोन ढाली

ईस्टरनंतरच्या आठवड्यांत घरे आशीर्वादित करण्यासाठी आम्ही धर्मग्रामातून फिरत असतो. यंदा अशाच एका घरी प्रार्थना आटोपून पवित्र जल शिंपडत असताना आमची नजर येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीखाली गेली. तेथे फळीवर, दोन मेणबत्त्यांच्या मधोमध, एक लाकडी ढाल उभी होती. मधे पितळी पत्रा, त्याभोवती लहान लहान पट्ट्या आणि प्रत्येक पट्टीवर एकेका वर्षाच्या विजेत्याचे नाव. घरची माउली कौतुकाने म्हणाली, "फादर, ओळखलीत ना? तुमच्याच हातून मिळालेली."

आम्ही ओळखली. गेल्या वर्षीच्या वक्तृत्व स्पर्धेची ती फिरती ढाल होती. विषय होता 'शिस्त हाच राष्ट्राचा कणा'. परीक्षक तिघे होते आणि त्या तिघांत आम्हीही होतो. या घरच्या सतरा वर्षांच्या मुलाने सहा मिनिटांचे भाषण एकदाही न अडखळता केले. भाषणाचा गाभा असा, की पराभूत जर्मनीला एका पुरुषाने सहा वर्षांत उभे केले, रस्ते बांधले, हाताला काम दिले, तरुणांना गणवेश दिला. आपल्या देशालाही आज अशाच एका हिटलरची गरज आहे. या शेवटच्या वाक्याला सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या वाजवणाऱ्यांत शिक्षक होते, पालक होते, आमचे पॅरिश कौन्सिलचे सदस्य होते. लपवण्यात अर्थ नाही, आम्हीही वाजवल्या. गुणपत्रकात चार रकाने होते: उच्चार, हावभाव, विषयाची मांडणी आणि वेळेचे भान. चारही रकान्यांत मुलगा सरस ठरला. सत्य नावाचा पाचवा रकाना त्या पत्रकात नव्हता आणि तो नसल्याचे तिघा परीक्षकांपैकी कोणाच्याही ध्यानी आले नाही.

त्या दिवशी पवित्र हृदयाखाली ती ढाल पाहून आम्हाला आणखी एका ढालीची आठवण झाली. ती ढाल लाकडाची नव्हती आणि ती कोणाच्याही घरी कधी पोहोचली नाही. तिच्याविषयी आज लिहायचे आहे. आमच्या धर्मग्रामातील टाळ्यांना दिलेले ते आमचे उशिराचे उत्तर समजावे.

* * *

दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्यात बाहीवर लावायच्या ढालींची एक पद्धत होती. एखाद्या विशिष्ट मोहिमेत भाग घेतलेल्या सैनिकाला धातूची छोटी ढाल मिळे आणि ती तो डाव्या दंडावर, गणवेशाच्या बाहीला लावून मिरवी. १९४० साली नॉर्वेमधील नार्विकच्या लढाईसाठी अशी पहिली ढाल निघाली. पुढे खोल्म, क्रिमिया, डेम्यान्स्क, कुबान अशा रशियातील रणांगणांच्या ढाली निघाल्या. १० डिसेंबर १९४४ रोजी हिटलरने या मालिकेत आणखी एका ढालीची भर घालण्याचे जाहीर केले. तिचे नाव 'वॉर्सा ढाल'. १ ऑगस्ट ते २ ऑक्टोबर १९४४ या काळात पोलंडच्या राजधानीतला उठाव चिरडण्यात ज्यांनी भाग घेतला त्यांच्यासाठी ती होती. नक्षीही ठरली होती: पंख पसरलेला गरुड, त्याच्या नखांत पकडलेला साप आणि आडव्या पट्टीवर 'वॉर्सा १९४४' ही अक्षरे. ढाल कोणाला द्यायची हे ठरवण्याचा अधिकार उठाव मोडून काढणारा सेनाधिकारी एरिख फोन डेम बाख-झेलेव्स्की याच्याकडे होता.

ही ढाल अधिकृतपणे कोणालाही दिली गेली नाही. तिचे साचे व तयार माल बॉम्बहल्ल्यात नष्ट झाला असे सांगितले जाते. त्यानंतर पाच महिन्यांच्या आत हिटलरही उरला नाही आणि त्याचे राज्यही उरले नाही. आज संग्राहकांच्या बाजारात या ढालीच्या नकला फिरतात व हौशी माणसे त्यांना पैसे मोजतात. जी कधी दिलीच गेली नाही तिचीही नक्कल विकत घ्यावीशी वाटते, यावरून माणसाच्या मनाचा अंदाज यावा.

आता ही ढाल ज्या कामगिरीसाठी योजली होती ती कामगिरी पाहू.

१ ऑगस्ट १९४४ रोजी सायंकाळी पाच वाजता वॉर्सात उठाव सुरू झाला. पाच वर्षे जर्मन टाचेखाली भरडलेल्या या शहरात 'आर्मिया क्रायोवा' या गुप्त सेनेने सेनापती बुर-कोमोरोव्स्की यांच्या आज्ञेने शस्त्र उचलले. रशियन फौजा व्हिस्चुला नदीच्या पूर्वेला येऊन ठेपल्या होत्या. काही दिवसांत सुटका होईल अशी लोकांची आशा होती. प्रत्यक्षात त्यांना त्रेसष्ट दिवस एकाकी लढावे लागले. उठावाची बातमी कळताच वरून हुकूम सुटला: कोणाला कैद करू नका, रहिवाशांना ठार करा आणि शहर जमीनदोस्त करा. त्या हुकमात बंडखोर आणि रहिवासी असा भेद नव्हता.

या हुकमाचा अर्थ पहिल्यांदा वोला या वस्तीला कळला. ही कामगारांची वस्ती होती. ५ ऑगस्टपासून पुढे काही दिवस तेथे घराघरांतून माणसे बाहेर काढण्यात आली, कारखान्यांच्या आवारांत व रस्त्यांच्या कडेला त्यांना उभे केले गेले आणि गोळ्या घातल्या गेल्या. मृतांचा आकडा चाळीस ते पन्नास हजारांच्या घरात जातो. वोला येथील इस्पितळातून रुग्ण, डॉक्टर व सेवक यांना बाहेर नेऊन मारण्यात आले. ६ ऑगस्ट रोजी कारोल्कोवा रस्त्यावरील मठातले रिडेम्पटरिस्ट संघाचे तीस धर्मगुरू व बंधू मारले गेले. त्याआधी २ ऑगस्टलाच शहराच्या दुसऱ्या टोकाला येशूसंघीयांच्या मठात शिरून एस. एस. दलाच्या शिपायांनी तेथील धर्मगुरूंना व आश्रयाला आलेल्या सामान्य माणसांना संपवले होते.

आकडे मोठे झाले की मन बधिर होते. म्हणून एकाच स्त्रीविषयी सांगतो. वांदा लुरिए या वोलातील गृहिणी होत्या. ५ ऑगस्ट रोजी आपल्या तीन लहानग्यांसह त्यांना उर्सुस कारखान्याच्या आवारात नेण्यात आले. त्या गरोदर होत्या, दिवस भरत आले होते. त्यांच्या देखत तिन्ही मुलांना गोळ्या घातल्या गेल्या. गोळ्या त्यांनाही लागल्या, पण जीव गेला नाही. प्रेतांच्या ढिगात त्या पडून राहिल्या आणि अखेर रांगत बाहेर आल्या. २० ऑगस्ट रोजी त्यांनी एका मुलाला जन्म दिला. युद्धानंतर त्यांनी आपली साक्ष नोंदवली, म्हणून त्या आवारात काय घडले हे जगाला कळले.

वाचकहो, आता पुन्हा त्या ढालीकडे वळा. गरुडाच्या नखांत पकडलेला तो साप कोण? हिटलरच्या शिल्पकाराच्या लेखी तो वॉर्साचा बंडखोर असेल. पण त्या काळात वॉर्सात मारल्या गेलेल्यांत सशस्त्र लढवय्ये सुमारे सोळा हजार आणि निःशस्त्र नागरिक दीड ते दोन लाख. म्हणजे तो साप मुख्यतः वांदा लुरिए यांच्या लेकरांसारखा होता.

* * *

येथे काहीजण आक्षेप घेतील. पदक ही सैन्याची रीत आहे, तिच्यात पाप कोणते? मान्य. पदक स्वतः वाईट नव्हे. आमच्याच महाराष्ट्राचा दाखला घ्या. माणगाव तालुक्यातील यशवंत घाडगे हा बावीस वर्षांचा तरुण मराठा पलटणीतून इटलीत लढत होता. १० जुलै १९४४ रोजी, वॉर्सा उठावाच्या तीन आठवडे आधी, त्याच्या तुकडीतील बाकी सारे पडल्यावर तो एकटा जर्मन मशीनगनवर चालून गेला, ती त्याने बंद पाडली आणि तेथेच गोळी लागून कोसळला. ९ एप्रिल १९४५ रोजी नामदेव जाधव या दुसऱ्या मराठी शिपायाने सेनिओ नदीकाठी शत्रूच्या माऱ्यातून आपल्या जखमी सोबत्यांना पाठीवर घेऊन पलीकडे पोहोचवले आणि मग परत येऊन शत्रूची ठाणी उद्ध्वस्त केली. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घाडगे यांना तो मरणोत्तर मिळाला. ही पदके काय म्हणतात? सोबत्यासाठी जीव धोक्यात घाला, असे म्हणतात. घाडगे यांच्या छातीत गोळी घालणारे सैन्य कोणाचे होते, हे मात्र आपल्या व्यासपीठावरून हिटलरचे गुणगान करणाऱ्यांनी एकदा आठवून पाहावे.

पदक म्हणजे समाजाने मोठ्याने उच्चारलेले वाक्य होय. ज्याच्या बाहीवर ते लावले जाते त्याच्याकडे बोट दाखवून समाज आपल्या मुलांना सांगतो, "असे व्हा." म्हणूनच पदकाची परीक्षा ते कोणाला मिळाले यावर थांबत नाही, ते कशासाठी काढले यापाशी ती सुरू होते. बाहीवरच्या ढालींना तर असामान्य शौर्याची अट नव्हती. त्या मोहिमेतल्या सहभागासाठी होत्या. वॉर्सात जो लढला आणि वॉर्सात ज्याने कारखान्याच्या आवारात मुलांवर गोळ्या झाडल्या, ते दोघे एकाच ढालीचे मानकरी ठरले असते. जेथे लढणे आणि कत्तल यांत राज्य भेद करत नाही, तेथे ढाल शौर्याचे चिन्ह उरत नाही. ती कत्तलीत भागीदार असल्याची पावती होते.

दुसरा आक्षेप अधिक चतुर आहे. जी ढाल दिलीच गेली नाही तिच्यासाठी एवढा आकांत कशाला? याचे उत्तर देण्यासाठी आम्हाला धर्मविद्यालयातील नीतिशास्त्राचे जाड ग्रंथ उघडण्याची गरज नाही. पहिल्या कम्युनियनच्या वर्गातले मूलही जाणते, की पाप विचाराने होते, शब्दाने होते, कृतीने होते आणि कर्तव्य टाळल्यानेही होते. साचे जळाले म्हणून इच्छा निर्दोष ठरत नाही. ढाल देण्याचा निर्णय पूर्ण झाला होता, जाहीर झाला होता, नक्षी ठरली होती. अडथळा आला तो बाहेरून, विमानांतून. कोणाच्याही सदसद्विवेकबुद्धीतून तो आला नाही. डिसेंबर १९४४ मध्ये त्या साऱ्या राज्ययंत्रणेत कोणी उठून म्हणाले असते, "महाराज, या कामाबद्दल ढाल देणे लाजिरवाणे आहे," तर गोष्ट वेगळी होती. तसे कोणी म्हटले नाही.

शिवाय ढाल दिली गेली नाही याचा अर्थ सन्मान झाला नाही, असा मुळीच नाही. सप्टेंबर १९४४ च्या अखेरीस, शहर अद्याप जळत असताना, याहून मोठी पदके वाटून झाली होती. बाख-झेलेव्स्कीला नाइट्स क्रॉस मिळाला. वोलात ज्याच्या हाताखालच्या तुकड्यांनी हाहाकार केला त्या हाइन्झ राइनेफार्थच्या नाइट्स क्रॉसवर ओकची पाने चढली. ऑस्कर डिर्लेवांगर या इसमालाही नाइट्स क्रॉस मिळाला. हा मनुष्य १९३४ साली एका अल्पवयीन मुलीवरील अत्याचारासाठी तुरुंगात गेला होता, आणि त्याची टोळी आरंभी शिक्षा झालेल्या गुन्हेगारांमधून उभी केलेली होती. ही तिन्ही पदके क्रुसाच्या आकाराची होती, हे आमच्या वाचकांनी नीट ध्यानात घ्यावे. ज्या चिन्हावर आमच्या प्रभूने दुसऱ्यांसाठी प्राण दिला ते चिन्ह दुसऱ्यांच्या लेकरांचे प्राण घेतल्याबद्दल गळ्यात अडकवण्यात आले. जर्मन पायदळाच्या सैनिकांच्या कंबरपट्ट्याच्या बकलावरही अक्षरे कोरलेली असत: 'देव आमच्याबरोबर'. इम्मानुएल या नावाचा अर्थ नेमका तोच आहे. नाताळच्या रात्री आम्ही ज्या नावाने बाळाची पूजा करतो ते नाव कमरेला बांधून माणसे वॉर्सात शिरली.

यापुढील इतिहासही कडू आहे. राइनेफार्थ युद्धानंतर पश्चिम जर्मनीतील झिल्ट बेटावरील वेस्टरलांड या गावाचा १९५१ साली महापौर झाला आणि १९५८ साली श्लेस्विग-होल्स्टाइन प्रांताच्या विधिमंडळात निवडून आला. पोलंडने त्याची मागणी केली. तो पोलंडच्या हवाली झाला नाही. १९७९ साली तो मेला, शिक्षा न होता. वेस्टरलांडच्या नगरभवनावर क्षमायाचनेचा फलक लागायला २०१४ साल उजाडावे लागले. बाख-झेलेव्स्की १९७२ साली तुरुंगात मेला खरा, पण शिक्षा झाली ती दुसऱ्या खुनांसाठी. वॉर्साबद्दल त्याच्यावर कधीच खटला चालला नाही. इकडे उठावात लढलेल्या पोलिश तरुणांना साम्यवादी राजवटीने तुरुंगात डांबले. त्यांच्या नावाने पोलंडने पदक काढले ते १९८१ साली, सदतीस वर्षांनी. आणि उठावाचे मोठे स्मारक वॉर्सात उभे राहिले ते १९८९ साली. मारणाऱ्यांना पदके दोन महिन्यांत मिळाली, लढणाऱ्यांना एका पिढीने.

* * *

आता आमच्या सभागृहातील टाळ्यांकडे येऊ. हिटलरच्या कौतुकाची कारणे आम्ही घरोघरी, चहाच्या कपाबरोबर, ऐकली आहेत. ती तीन आहेत.

पहिले कारण: त्याने देश उभा केला. बारा वर्षांच्या सत्तेअखेर, १९४५ साली, तो देश कसा होता ते पाहावे. शहरे ढिगाऱ्यांत, लक्षावधी तरुण मातीत, देशाचे तुकडे आणि साठ लाख ज्यू स्त्रीपुरुष व मुलांच्या हत्येचा कलंक कपाळी. घर पेटवण्यासाठी आधी त्याला रंग दिला म्हणून रंगाऱ्याचे कौतुक होत नसते.

दुसरे कारण: तो इंग्रजांशी लढला, म्हणजे तो आपला मित्र. ही तर शुद्ध अज्ञानाची गोष्ट. आपल्या पुस्तकात त्याने हिंदुस्थानच्या स्वातंत्र्यसैनिकांची टर उडवली आहे आणि हा देश इंग्रजांच्याच ताब्यात राहिलेला बरा, असे मत नोंदवले आहे. मे १९४२ मध्ये सुभाषबाबू त्याला भेटले. हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याला पाठिंब्याची उघड घोषणा त्यांना हवी होती. ती त्याने केली नाही. आमच्या रेल्वे स्थानकांवरच्या पुस्तकांच्या गाड्यांवर त्याचे पुस्तक आजही दिमाखात मांडलेले असते. विकत घेणारे ते वाचत नसावेत, असेच आम्हाला वाटते.

तिसरे कारण: शिस्त. येथे आमचा खरा वाद आहे, कारण आम्ही स्वतः शिस्तीचे भोक्ते आहोत. मिस्सा वेळेवर सुरू व्हावी, मिरवणुकीत रांग मोडू नये, मुलांनी वडीलधाऱ्यांना उलट बोलू नये, हे सारे आम्ही सांगत आलो आहोत. पण वोलातही शिस्त होती. माणसांना गटागटाने नेण्यात आले, गटागटाने मारण्यात आले, काम नेमून दिल्याप्रमाणे झाले. शिस्त हे साधन आहे. कोणाच्या सेवेत ते वापरले यावर त्याचे मोल. ऑस्ट्रियातील एका खेड्यातला शेतकरी, आपल्या चर्चचा सॅक्रिस्टन फ्रान्झ येगरश्टेटर, हिटलरसाठी शस्त्र उचलण्यास नकार देऊन उभा राहिला आणि ९ ऑगस्ट १९४३ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. घरी बायको होती, मुली होत्या. गावाने व धर्मगुरूंनीही त्याला समजावले होते, की बाबा रे, हट्ट सोड. २००७ साली ख्रिस्तसभेने त्याला धन्य घोषित केले. शिस्तभंग करणारा तो शेतकरी आज वेदीवर आहे. त्याला समजावणारे आमचे धर्मगुरू बांधव चुकले होते, हे लिहिताना आमची लेखणी अडखळते. पण ते लिहायला हवे. १९३७ साली पोप महोदय पायस अकरावे यांनी नाझी विचारसरणीचा निषेध करणारे पत्र जर्मनीच्या चर्चमधून वाचायला लावले होते, हे खरे. ते ऐकून घरी गेलेल्यांपैकी पुष्कळांनी दोन वर्षांनी तो कंबरपट्टा बांधला, हेही तितकेच खरे.

कोणी म्हणेल, हे सारे युरोपचे दुखणे. आम्हा शेतवाडीतल्या, नोकरदार माणसांचा त्याच्याशी संबंध काय? संबंध आहे. १९४२ साली रशियाच्या छळछावण्यांतून सुटलेली पोलिश मुले मुंबईत आली, तेव्हा काही काळ ती आपल्या वांद्र्याला राहिली आणि मग जामनगरच्या जामसाहेबांनी त्यांना बालाचडी येथे आश्रय दिला. १९४३ पासून १९४८ पर्यंत कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांचे गाव वसले होते. शाळा होत्या, चर्च होते. त्यांत बहुतेक स्त्रिया व मुले. त्यांना देशोधडीला लावले ते स्टालिनने, हिटलरने नव्हे; पण १९४४ च्या त्या ऑगस्ट-सप्टेंबरात कोल्हापूरच्या पावसात ती माणसे आपल्या राजधानीची बातमी येते का म्हणून कान लावून बसली असतील, यात आम्हाला शंका वाटत नाही. पोलंडने ते उपकार विसरले नाहीत. वॉर्सातल्या ओखोता या भागात आज 'भल्या महाराजाच्या' नावाचा चौक आहे. उठावाच्या दिवसांत ज्या वस्त्यांत माणसे गुरांसारखी मारली गेली त्यांत हीच ओखोता होती. एका भारतीय माणसाच्या दयेचे नाव त्यांनी त्या मातीवर लिहिले, आणि आपण त्यांना मारणाऱ्याचे नाव आपल्या व्यासपीठावर टाळ्यांनी घ्यावे?

संबंध आणखीही जवळचा आहे. १५ ऑगस्ट २०२२ रोजी गुजरातेत सामूहिक बलात्कार व खुनांसाठी जन्मठेप भोगणारे अकरा जण तुरुंगाबाहेर आले, तेव्हा त्यांच्या गळ्यात हार पडले, तोंडात पेढे पडले. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये ती सुटका रद्द केली. पण ते हार कोणत्या न्यायालयाने रद्द करावेत? हार ही देखील एक ढालच. ती देणारा हात सरकारी असला काय किंवा शेजाऱ्याचा असला काय, मुलांना ऐकू जाणारे वाक्य तेच: "असे व्हा." असे हात एका दिवसात तयार होत नाहीत. आधी टाळ्या वाजवायला शिकतात, मग हार घालायला.

* * *

त्या घरी आम्ही ढाल परत मागितली नाही. दोष मुलाचा नव्हता. त्याने कोठेतरी वाचले, पाठ केले, म्हटले. खरे काय ते त्याला सांगणे ज्यांचे काम होते ते टाळ्या वाजवत होते. आम्ही त्याला समोर बसवले आणि एका धर्मगुरूची कहाणी सांगितली. फादर युझेफ स्तानेक, पॅलोटाइन संघाचे, वय सत्तावीस. उठावात ते सैनिकांचे चॅप्लेन होते. सप्टेंबरात चेर्नियाकुव ही नदीकाठची वस्ती पडू लागली तेव्हा व्हिस्चुलापार जाणाऱ्या नावेत त्यांना जागा मिळाली होती. ती त्यांनी एका जखमीला दिली व स्वतः मागे राहिले. २३ सप्टेंबर १९४४ रोजी जर्मनांनी त्यांना फाशी दिले. त्यांच्याच स्टोलने गळा आवळला, असे साक्षीदारांनी सांगितले आहे. पापनिवेदन ऐकताना आम्ही जो स्टोल रोज खांद्यावर घेतो, तो. १३ जून १९९९ रोजी पोप महोदय जॉन पॉल दुसरे यांनी वॉर्सातच त्यांना धन्य घोषित केले.

मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "फादर, हे तुम्ही स्पर्धेच्या दिवशी का नाही सांगितलंत?"

या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. म्हणून हा लेख. आणि लेखाने भागणार नाही म्हणून धर्मग्रामासमोर तीन गोष्टी ठेवतो. आमच्या सभागृहातील कोणत्याही स्पर्धेच्या गुणपत्रकात यापुढे पाचवा रकाना असेल: जे सांगितले ते खरे आहे काय? भाषणाचे विषय ठरवणाऱ्या शिक्षकांनी विषयाबरोबर दोन चांगली पुस्तके मुलाच्या हाती द्यावीत. आणि पालकांनो, मुलाने बक्षीस आणले की त्याला जवळ बसवून ते भाषण पुन्हा एकदा ऐका. टाळ्या न वाजवता ऐका.

ढाल फिरती आहे. वर्ष संपले की ती पॅरिश कार्यालयात परत येईल आणि तिच्यावरची ती पट्टी तशीच राहील, कारण कोरलेले नाव पुसता येत नाही आणि पुसण्याचे ढोंग आम्ही करणार नाही. त्या मुलाने यंदा पुन्हा नाव दिले आहे. वॉर्सावर बोलायचे आहे म्हणाला. परीक्षक म्हणून आम्ही बसणार नाही. श्रोत्यांत, मागच्या बाकावर बसू.